पाच मतांचा खासदार

निवडणूक आली की गावात गाड्या येतात, कर्णे वाजतात, चौकात मोठमोठे फलक लागतात. मतदानाच्या दिवशी यंत्रापुढे उभे राहिले की नावांची लांबलचक यादी दिसते. त्यातली दोन-तीन नावे ओळखीची असतात. बाकीची वाचून मनात येते, ‘हा कोण बुवा? याचं नाव कधी ऐकलं नाही. याला मत म्हणजे मत वाया.’

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. यादीतले प्रत्येक नाव तुम्हाला वाचता येते. म्हणून या अनोळखी नावांविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हाला वाटते. अनोळखी माणूस चांगलाच असतो असे आमचे म्हणणे नाही. पण तो काय सांगतो ते न ऐकताच त्याला बाजूला सारू नये, एवढेच म्हणणे आहे. का, ते एका खऱ्या उमेदवाराच्या हकिकतीवरून पाहू.

काम आणि धोरण

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. तो शब्द म्हणजे ‘धोरण’.

पाटाला पाणी सोडणे हे काम झाले. पण कोणत्या गावाची पाळी कधी, उसाला किती आणि ज्वारीला किती, पाणीपट्टी काय दराने घ्यायची, हे आधी ठरवावे लागते. हे ठरवणे म्हणजे धोरण. चावी फिरवणारा माणूस डोळ्यांना दिसतो. ज्याने पाळी ठरवली तो दिसत नाही. पण शेत भिजते की वाळते ते पाळीवर अवलंबून असते.

गावची गटारे, दिवे, नळ ही कामे ग्रामपंचायत पाहते. खासदार ज्या सभेत बसतो तिथे साऱ्या देशाचे कायदे होतात, कर ठरतात, खर्चाला मंजुरी मिळते. म्हणून खासदारकीला उभा राहिलेला माणूस धोरणाविषयी बोलला, तर तो मुद्द्याचेच बोलतो. मात्र असले बोलणे कानाला रुक्ष लागते. त्यात आकडे असतात. सभेला गर्दी होत नाही.

असाच आकडे घेऊन उभा राहिलेला एक उमेदवार होता. त्याचे नाव दादाभाई नौरोजी.

मुंबईचे मास्तर

दादाभाईंचा जन्म १८२५ सालचा. पारशी समाजातले गरीब घर. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाला शिकवायचेच हा त्यांचा हट्ट. शाळेत फी पडत नव्हती म्हणून दादाभाई शिकू शकले. लोकांच्या पैशावर आपण शिकलो, तेव्हा लोकांचे देणे आपल्यावर आहे, असे ते पुढे म्हणत.

शिकून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्या जागेवर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८४९ साली मुंबईत मुलींसाठी शाळा निघाल्या, त्यांत त्यांनी खपून काम केले. १८५५ साली ते व्यापाराच्या निमित्ताने लंडनला गेले. पुढचे त्यांचे बरेच आयुष्य तिकडेच गेले.

वीस रुपयांचा हिशेब

हा गणिताचा माणूस. त्याने एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. हिंदुस्थानात माणशी वर्षाला उत्पन्न किती?

आम्ही वर्गात सरासरी शिकवताना सांगत असू की सगळ्यांचे धान्य एका ढिगात घाला आणि तेवढ्याच माणसांत सारखे वाटा. दादाभाईंनी तेच केले. सरकारच्याच पुस्तकांतून जमीन, पीक आणि भाव यांचे आकडे काढले. १८६७ ते १८७० या काळाचा हिशेब मांडला. उत्तर आले माणशी वर्षाला वीस रुपये.

मग त्यांनी दुसरा आकडा शेजारी ठेवला. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला सरकारला वर्षाकाठी किती खर्च येतो? तो आकडा वीस रुपयांहून जास्त निघाला. म्हणजे कैद्याला जेवढे मिळते तेवढेही राबणाऱ्या रयतेच्या वाट्याला येत नाही!

असे का व्हावे? दादाभाईंचे उत्तर असे. रयत शेतसारा भरते, पण त्यातला मोठा हिस्सा देशात राहत नाही. तो इंग्लंडला जातो. तिकडे राहणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांचे पेन्शन, कर्जाचे व्याज, लंडनमधल्या कचेरीचा खर्च आणि इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी पगारातून घरी पाठवलेला पैसा, असा हा ओघ सारखा चालू आहे. विहिरीचे पाणी आपल्याच शेताला दिले तर थोडेफार झिरपून पुन्हा विहिरीत येते. चर खणून ते दुसऱ्याच्या शिवारात नेले तर विहीर आटते.

रोग कळला, पण औषध काय? दादाभाईंनी सांगितलेल्या औषधांतले एक औषध अगदी नेमके होते. त्या वेळी देशातले मोठे अधिकारी एका परीक्षेतून निवडले जात. ती परीक्षा फक्त लंडनला होई. तिच्यासाठी सातासमुद्रापलीकडे जायचे, तिथे राहायचे, तयारी करायची. हा खर्च कोणाला झेपणार? तरी काही मुलांनी ते करून दाखवले. १८६९ साली चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. त्यांत एक आपले मराठी, श्रीपाद बाबाजी ठाकूर. पण असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

दादाभाई म्हणत, परीक्षा एकच ठेवा, पण ती हिंदुस्थानात आणि इंग्लंडात एकाच वेळी घ्या. मग इथली मुले इथेच परीक्षेला बसतील, अधिकारी होतील, आणि पगाराचा पैसा देशातच खर्च होईल.

पाहा, त्यांनी ‘आमचे भले करा’ एवढेच म्हटले नाही. कोणता नियम बदलायचा तो बोट ठेवून दाखवला. याला धोरण म्हणतात.

पहिली निवडणूक

नियम बदलायचा तर नियम करणाऱ्या सभेत गेले पाहिजे. त्या काळी हिंदुस्थानचे भवितव्य लंडनच्या पार्लमेंटात ठरे. पण तिथे हिंदी जनतेने निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. मात्र राणीच्या राज्यातला हिंदी माणूस इंग्लंडमधल्या मतदारसंघातून उभा राहू शकत होता. १८८५ साली कलकत्त्याचे लालमोहन घोष असे उभे राहिले होते. ते पडले.

१८८६ साली दादाभाई लंडनच्या होबर्न भागातून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले. मतदारसंघ ठरला तेव्हा मतदानाला थोडेच दिवस उरले होते. तिथले लोक त्यांना ओळखत नव्हते. नाव उच्चारतानाही त्यांची जीभ अडखळे. निकाल लागला तो असा. हुजूर पक्षाच्या कर्नल डंकन यांना ३,६५१ मते, दादाभाईंना १,९५०.

पडलेला उमेदवार सहसा घरी जाऊन बसतो. दादाभाई बसले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात ते कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि नंतर पुन्हा लंडनला जाऊन कामाला लागले. १८८८ साली सेंट्रल फिन्सबरी या मतदारसंघात त्यांचे नाव पुढे आले. तिथे घरचेच भांडण उभे राहिले. लिबरल पक्षातलाच दुसरा एक उमेदवार बराच काळ माघार घेईना.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. इंग्लंडचे मुख्य प्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी ३० नोव्हेंबरला एडिंबरा शहरात भाषण केले. होबर्नच्या निवडणुकीविषयी बोलताना ते म्हणाले की काळ्या माणसाला निवडून देण्याइतके इंग्लंडचे मतदार पुढे गेले असतील असे आपल्याला वाटत नाही. हे शब्द वर्तमानपत्रांत छापून आले. अनेक इंग्रजांनाच ते लागले. ज्याचे नाव कोणाला माहीत नव्हते, त्याचे नाव घरोघर पोचले. दगड मारायला गेले आणि आंबा खाली पडला, तशातली गत!

पण नाव झाले म्हणून मते मिळत नाहीत. मतदार विचारणारच, ‘तुमच्या देशाचं आम्ही का ऐकावं? आमचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. दादाभाईंनी तो टाळला नाही. लंडनच्या लोकांसाठी ते त्यांच्या प्रश्नांवर बोलत. आयर्लंडला स्वतःचा कारभार मिळावा, स्त्रियांना मताचा हक्क मिळावा, अशा मागण्यांना त्यांचा पाठिंबा होता. आणि हिंदुस्थानचा प्रश्न ते मतदारांच्या पोटाशी जोडून दाखवत. हिंदी रयत कंगाल असेल तर तुमच्या गिरण्यांचा माल विकत घेणार कोण? ती सुखी झाली तर तुमच्याही हाताला काम मिळेल.

पाच मते

१८९२ च्या जुलैत मतदान झाले. तेव्हा दादाभाईंना सदुसष्टावे वर्ष चालू होते. इंग्लंडात त्या वेळी स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत नव्हते. सगळ्या पुरुषांनाही नव्हते. तरी फ्लॉरेन्स नाइटिंगेल या प्रसिद्ध परिचारिकेने पत्र लिहून त्यांना पाठिंबा दिला. तिला स्वतःला मात्र मत देता आले नाही.

मतदान गुप्त होते. चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. हुजूर पक्षाच्या कॅप्टन पेंटन यांना २,९५६ मते पडली. दादाभाईंना २,९६१ पडली. फरक फक्त पाच मतांचा!

इथे एक गणित घालतो. पाटीवर मांडून पाहा. दादाभाईंच्या बाजूच्या तीनच माणसांनी आपले मत समोरच्याला दिले असते, तर काय झाले असते? दादाभाईंची मते झाली असती २,९५८ आणि पेंटन यांची २,९५९. म्हणजे दादाभाई एका मताने पडले असते. तीन माणसे! ती कोण होती हे कोणालाच कळायचे नाही. कोणी घड्याळ दुरुस्त करणारा असेल, कोणी दुकानदार असेल. ‘माझ्या एका मतानं काय होणार?’ असे त्यांच्याही मनात आले असेल. पण ते मत देऊन आले.

इंग्रजांना ‘नौरोजी’ म्हणता येईना, म्हणून थट्टेने त्यांनी दादाभाईंना तसाच ऐकू येणारा एक शब्द लावला. त्याचा अर्थ ‘निसटत्या बहुमतवाले’. दादाभाईंना त्याचे काय? पार्लमेंटात बसायला पाच मतांचे बहुमतही पुरते.

एकटा सभासद काय करू शकतो?

तुम्ही म्हणाल, निवडून आले ते ठीक, पण पार्लमेंटात ६७० सभासद. त्यांत एकट्याने काय होणार? हा प्रश्न आजही विचारला जातो. म्हणून दादाभाईंनी पुढे काय केले ते पाहू. चांगले-वाईट दोन्ही सांगतो.

२ जून १८९३ रोजी पार्लमेंटात ठराव आला, की अधिकाऱ्यांची परीक्षा हिंदुस्थानात आणि इंग्लंडात एकाच वेळी घ्यावी. हर्बर्ट पॉल या सभासदाने तो मांडला आणि दादाभाईंनी त्याला अनुमोदन दिले. ठरावाच्या बाजूने ८४ मते पडली, विरुद्ध ७६. ठराव मंजूर झाला! वीस-पंचवीस वर्षे लोक ज्यासाठी अर्ज करीत होते, ते पार्लमेंटाने मान्य केले.

पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव म्हणजे सभेने व्यक्त केलेले मत. सरकारने तो हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या सरकारांकडे अभिप्रायासाठी पाठवला. मद्रास सोडून सगळ्यांनी नको म्हटले. मग सरकारने ठराव बाजूला ठेवून दिला.

पुढे १८९५ साली हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करायला एक मंडळ नेमले गेले. त्यावर दादाभाईंची नेमणूक झाली. ज्या वहीविषयी ते इतकी वर्षे बोलत होते, ती वही उघडून पाहायचा अधिकार त्यांना मिळाला. या मंडळापुढे साक्ष द्यायला १८९७ साली पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले. मूळचे कोकणातले हे तरुण प्राध्यापक. त्यांच्या साक्षीने त्यांचे नाव झाले. मंडळाचा अहवाल १९०० साली आला. दादाभाई आणि त्यांचे दोन जोडीदार यांचे मत बाकीच्यांहून निराळे होते. त्यांनी ते निराळे लिहून दिले.

आणि निवडणूक? १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले. खासदारकी तीनच वर्षे टिकली. १९०६ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून त्यांनी आपली मागणी एका शब्दात सांगितली. तो शब्द ‘स्वराज्य’. १९१७ साली ते वारले.

ती परीक्षा हिंदुस्थानात पहिल्यांदा झाली १९२२ साली, अलाहाबादला. ठरावानंतर एकोणतीस वर्षांनी आणि दादाभाई गेल्यावर पाच वर्षांनी.

मग फिन्सबरीच्या लोकांची मते वाया गेली का? आम्हाला तसे वाटत नाही. आंब्याचे झाड लावणारा पहिल्या वर्षी टोपली घेऊन उभा राहत नाही. त्या मतांमुळे एक प्रश्न पार्लमेंटाच्या कागदावर आला. एकदा कागदावर आलेला प्रश्न सहजासहजी पुसता येत नाही. पण हेही खरे, की एकट्या सभासदाचे बळ अपुरे पडते. बाकीच्यांची मते मिळाली पाहिजेत, सरकारने मनावर घेतले पाहिजे, आणि मागे लोकांचा रेटा पाहिजे. ‘मला निवडून द्या, मी एका वर्षात सगळं बदलतो,’ असे म्हणणाऱ्याला हा इतिहास जरूर सांगावा.

आपल्या मतदारसंघात

आता आपल्या घरी येऊ. आपल्या लोकसभेत निवडणुकीने भरल्या जाणाऱ्या जागा ५४३. महाराष्ट्राच्या वाट्याला ४८. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुष नागरिकाला मत आहे. नाइटिंगेलबाईंना जे मिळाले नाही ते आपल्या घरातल्या मायबहिणींना मिळालेले आहे.

लोकसभेला उभे राहायला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण लागतात. पंचवीस हजार रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला साडेबारा हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत, तर पडलेल्या उमेदवाराची ही रक्कम जप्त होते. मान्यता असलेल्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला त्या मतदारसंघातले दहा सूचक लागतात. मोठा नेता पाठीशी नसला तरी दहा साध्या मतदारांच्या बळावर माणूस उमेदवार होऊ शकतो.

प्रत्येक उमेदवाराला एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावर असलेले फौजदारी खटले त्यात लिहावे लागतात. हा कागद निवडणूक कचेरीच्या फलकावर लावतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही तो असतो, मोबाइलवर पाहता येतो. तुम्हाला आता वाचता येते. तो वाचा. न समजला तर जाणत्याला विचारा.

अनोळखी उमेदवार दारात आला तर त्याला हाकलू नका. घोंगडीवर बसवा, पाणी द्या आणि हे पाच प्रश्न विचारा :

१. तुम्हाला कोणता कायदा, कर किंवा नियम बदलायचा आहे? नेमके सांगा.
२. हे आकडे कुठून आणले?
३. यासाठी पैसा लागला तर तो कुठून येणार?
४. हे काम खासदाराच्या हातातले आहे, की ग्रामपंचायतीच्या किंवा राज्य सरकारच्या?
५. गेली पाच वर्षे तुम्ही कुठे होता? आणि पडलात तर पुढे काय करणार?

दादाभाईंना हे प्रश्न विचारले असते तर पाचही प्रश्नांना त्यांच्यापाशी उत्तर होते. ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. कारण सगळेच अनोळखी उमेदवार सारखे नसतात. कोणी नुसती मते फोडायला उभा केलेला असतो. कोणी मोठ्या उमेदवारासारखेच नाव असल्यामुळे उभा केलेला असतो. म्हणून यंत्रावरचे नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही नीट पाहून मग बटण दाबावे.

आणि हेच पाच प्रश्न ओळखीच्या, मोठ्या फलकावरच्या उमेदवारालाही विचारावेत. त्याला सूट नाही.

एवढे विचारून कोणाला मत द्यायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. ते आम्ही सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितले तर ऐकू नका. मत गुप्त आहे. मात्र एक मत म्हणजे काय, असे कोणी म्हणाले तर त्याला जवळचेच उदाहरण सांगा. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात लाखो लोकांनी मते दिली, आणि निकाल लागला तो ४८ मतांनी. एवढी माणसे आपल्या एका आळीत सुद्धा निघतील.

वाचा आणि आपसात बोला

१. ‘काम’ आणि ‘धोरण’ यांत फरक काय? आपल्या गावातले एक उदाहरण सांगा.
२. दादाभाईंनी माणशी वीस रुपये हा आकडा कसा काढला?
३. ठराव आणि कायदा यांत फरक कोणता?
४. समजा, एका उमेदवाराला ४,२०७ मते पडली आणि दुसऱ्याला ४,२०३. पहिल्याच्या किती मतदारांनी दुसऱ्याला मत दिले असते तर निकाल फिरला असता? हिशेब करून पाहा.
५. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल? तो वहीत स्वतःच्या हाताने लिहा.